मोडलेल्या हाडानिशी प्लेऑफ: आइस हॉकीपटू गंभीर दुखापतीतही कसे खेळतात आणि त्यांना कुठे थांबवले पाहिजे

जून 2025 मध्ये फ्लोरिडा पँथर्स या संघाने एडमंटन ऑयलर्सला हरवून सलग दुसऱ्या वर्षी स्टॅनली कप जिंकला. उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीत याहून मोठा मान नाही. विजयाचा जल्लोष चालू असतानाच त्यांच्या मॅथ्यू कचक या खेळाडूच्या दुखापतीचा तपशील बाहेर आला. त्याच्या जांघेचा एक स्नायू हाडापासून सुटला होता आणि त्याच्या जोडीला स्पोर्ट्स हर्निया, म्हणजे ओटीपोटाच्या खालच्या भागातल्या स्नायूंची फाटाफूटही झाली होती. ही इजा फेब्रुवारीत ‘4 नेशन्स फेस-ऑफ’ या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत झाली. एप्रिलपासून जूनपर्यंत तो त्याच अवस्थेत खेळला आणि शस्त्रक्रिया झाली ती ऑगस्टमध्ये.

अशा बातम्या दर वर्षी मे-जूनमध्ये येतात. एखादा संघ स्पर्धेबाहेर पडला की दोन-तीन दिवसांत त्याचा प्रशिक्षक पत्रकारांसमोर येतो आणि कोणाचा पाय मोडला होता, कोणाचा खांदा निखळला होता, कोणाच्या बरगडीला तडा गेला होता, ही यादी सांगतो. कॅनडा-अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे सवयीचे झाले असेल. आपल्याकडे हॉकी म्हटले की खडकीच्या धनराज पिल्लेची मैदानी हॉकी डोळ्यांसमोर येते, त्यामुळे इथल्या वाचकाला या बातम्या एक तर अतिशयोक्तीच्या वाटतात किंवा निव्वळ शौर्याच्या. त्या अतिशयोक्तीच्या नाहीत. शौर्य त्यांत आहे, पण ते कोणत्या यंत्रणेच्या आधाराने उभे राहते आणि त्याची किंमत कधी वसूल होते, हे समजून घेतल्याशिवाय त्याचे मोल ठरवता येत नाही.

प्लेऑफ म्हणजे काय, आणि तेव्हाच हे का घडते

नॅशनल हॉकी लीग, म्हणजेच एनएचएल, ही 32 संघांची व्यावसायिक स्पर्धा आहे. ऑक्टोबर ते एप्रिल या काळात प्रत्येक संघ आतापर्यंत 82 सामने खेळत आला आहे. त्यांतून 16 संघ बाद फेरीत, म्हणजे प्लेऑफमध्ये जातात. बाद फेरीत चार टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यात दोन संघ एकमेकांशी सातपर्यंत सामने खेळतात. जो आधी चार जिंकेल तो पुढे जातो. याचा अर्थ कप हवा असेल तर 16 विजय मिळवावे लागतात आणि त्यासाठी जास्तीत जास्त 28 सामने खेळावे लागू शकतात. सामने बहुधा एक दिवसाआड असतात आणि हे सगळे साधारण दोन महिने चालते.

या गणितातच दुखापतीचे सगळे कोडे दडलेले आहे. साध्या फ्रॅक्चरचे हाड नीट जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. एप्रिलच्या अखेरीस ज्याचे हाड मोडले, त्याने डॉक्टरी नियमानुसार विश्रांती घेतली तर तो बरा होईल तेव्हा कप कोणाच्या तरी हातात गेलेला असेल. नोव्हेंबरमध्ये हीच इजा झाली असती तर त्याने दीड-दोन महिने सुट्टी घेतली असती आणि कोणी त्याची बातमीही केली नसती. इजा तीच असते, फक्त वाट पाहायला वेळ उरलेला नसतो.

त्यात हा खेळच अंगावर येणारा. बर्फावर प्रत्येक बाजूचे सहा खेळाडू असतात, त्यांत एक गोलरक्षक. ते काठीने जी चकती मारतात तिला पक म्हणतात. पक कडक रबराचा, सुमारे 170 ग्रॅम वजनाचा असतो आणि तो उसळू नये म्हणून सामन्यापूर्वी गोठवून ठेवतात. जोरदार फटक्यात त्याचा वेग ताशी 150 किलोमीटरच्या वर जातो. बाद फेरीत एकेका गोलाला एवढे महत्त्व येते की गोलरक्षकाच्या पुढे असलेले खेळाडू स्वतःचे पाय, गुडघे, छाती त्या पकच्या आड घालतात.

बोस्टन ब्रुइन्सच्या ग्रेगरी कॅम्पबेलने 5 जून 2013 रोजी तेच केले. पिट्सबर्ग पेंग्विन्सच्या येवगेनी मालकिनचा फटका अडवायला तो बर्फावर घसरत आडवा झाला आणि पक त्याच्या उजव्या पायावर बसला. नडगीच्या मोठ्या हाडाशेजारी जे बारीक हाड असते, ज्याला फिब्युला म्हणतात, ते मोडले. बोस्टनचा एक खेळाडू त्या वेळी शिक्षा भोगत बाहेर बसला होता, त्यामुळे त्यांचे संख्याबळ आधीच कमी होते. पक आपल्या भागातून बाहेर काढल्याशिवाय खेळाडू बदलायला उसंत मिळणार नव्हती. कॅम्पबेल कसाबसा उठला. दुखऱ्या पायावर भार देता येत नव्हता, म्हणून तो एका पायावर तोल सांभाळत, काठी पुढे धरून, पक जिकडे जाईल तिकडे तोंड करून उभा राहिला. सुमारे मिनिटभर तो असा उभा होता आणि त्या वेळात पिट्सबर्गला गोल करता आला नाही. नंतर तो स्वतःच बाकापर्यंत गेला. त्याचा हंगाम तिथे संपला. सामना बोस्टनने दुसऱ्या जादा वेळेत 2-1 असा जिंकला. त्या मिनिटाचे चित्रण मी जेव्हा पाहतो तेव्हा मला त्याच्याविषयी आदरच वाटतो, आणि पुढे जे लिहिणार आहे ते हा आदर कायम ठेवून लिहितो आहे.

मोडलेल्या पायाने स्केटिंग होते तरी कसे

याचे उत्तर बरेचसे यांत्रिक आहे. पहिली गोष्ट म्हणजे आइस हॉकीत खेळाडू सतत मैदानावर नसतो. तो साधारण 45 सेकंद जीव तोडून खेळतो आणि बाकावर परततो. या आळीपाळीला शिफ्ट म्हणतात. साठ मिनिटांच्या सामन्यात बहुतेक खेळाडू पंधरा-वीस मिनिटेच प्रत्यक्ष बर्फावर असतात. खेळ न थांबवता कितीही वेळा बदल करता येतात, त्यामुळे जखमी खेळाडूला त्याच्या सोयीच्या प्रसंगांपुरते वापरता येते. फुटबॉलमध्ये किंवा मैदानी धावण्याच्या खेळात ही सवलत नसते.

दुसरी गोष्ट म्हणजे बूट. स्केटिंगचा बूट घोट्याच्या वरपर्यंत येतो आणि इतका ताठ असतो की आत बांधलेला पाऊल-घोटा जवळजवळ प्लास्टरमध्ये घातल्यासारखाच राहतो. एरिक कार्लसन 2017 मध्ये ओटावा सेनेटर्सकडून टाचेच्या हाडाला दोन बारीक चिरा गेलेल्या असताना खेळला. त्याने 19 सामन्यांत 18 गुण (स्वतःचे गोल आणि सहकाऱ्यांच्या गोलांना दिलेली साथ मिळून) मिळवले आणि संघाला अंतिम फेरीच्या उंबरठ्यापर्यंत नेले. चालताना त्रास देणारी टाच बुटात आवळल्यावर सोसता येत होती.

तिसरी गोष्ट शरीररचनेची. सगळी हाडे सारखाच भार उचलत नाहीत. गुडघ्याखाली शरीराचे वजन मुख्यतः नडगीचे जाड हाड पेलते आणि फिब्युलाच्या वाट्याला त्याचा लहानसा भाग येतो. म्हणूनच ते मोडलेला माणूस, असह्य कळा येत असल्या तरी, उभा राहू शकतो. टोरांटो मेपल लीफ्सचा बॉबी बॉन 1964 च्या अंतिम फेरीतल्या सहाव्या सामन्यात पायाला मार बसून स्ट्रेचरवरून बाहेर गेला. पाय बधिर करून आणि पट्ट्या आवळून तो परत आला आणि जादा वेळेत त्यानेच विजयी गोल केला. सातवा सामना खेळून, कप जिंकून झाल्यावरच त्याने क्ष-किरण तपासणी करू दिली आणि तेव्हा हाड मोडल्याचे निश्चित झाले. साठ वर्षे झाली तरी या खेळात दुखापतीची गोष्ट निघाली की पहिले नाव त्याचेच घेतले जाते.

लिगामेंट म्हणजे दोन हाडांना सांध्याशी बांधून ठेवणारे चिवट पट्टे. सॅन होजे शार्क्सचा जो थॉर्नटन 2017 मध्ये एका गुडघ्याची दोन लिगामेंट फाटलेली असताना खेळला. गुडघ्याला बाहेरून आधारपट्टा आणि मांडीच्या स्नायूंची ताकद यांवर असा सांधा काही काळ तग धरू शकतो. स्नायूंनी पट्ट्यांचे काम अंगावर घेतलेले असते, इतकेच.

वेदना थांबवणे आणि इजा बरी करणे

या विषयातला सर्वांत मोठा गोंधळ इथे होतो. वेदना म्हणजे इजा नव्हे. इजा झालेल्या जागेवरून मज्जातंतूंमार्फत मेंदूकडे जाणारा तो निरोप असतो. दंतवैद्य दाढ काढण्यापूर्वी जसे हिरडीत इंजेक्शन देतात, त्याच जातीची औषधे खेळाडूच्या बरगडीजवळ, खांद्याजवळ किंवा पायात टोचली जातात. ती मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या सूक्ष्म वाटा बंद करतात आणि निरोप पुढे जातच नाही. काही तासांपुरती ती जागा मुकी होते.

दुसरा प्रकार दाह कमी करणाऱ्या औषधांचा. त्यांतले खेळाडूंमध्ये प्रसिद्ध नाव म्हणजे केटोरोलॅक, जे टोराडॉल या व्यापारी नावाने ओळखले जाते. ते अफूपासून बनलेले नाही आणि त्याची नशा होत नाही, म्हणून ते निरुपद्रवी मानण्याकडे कल असतो. प्रत्यक्षात ते सलग पाच दिवसांपेक्षा जास्त घेऊ नये असे त्याच्या वापराच्या सूचनांतच म्हटले आहे, कारण त्याने पोटात-आतड्यात रक्तस्राव होऊ शकतो आणि मूत्रपिंडांना इजा पोहोचू शकते. व्हँकुव्हर आणि अ‍ॅनाहाइमकडून खेळलेल्या रायन केसलरने 2020 मध्ये जाहीरपणे सांगितले की खेळत राहण्यासाठी तो हे औषध नियमित घेत असे आणि आतड्यांचा जो गंभीर आजार त्याच्या मागे लागला त्याचा संबंध तो या वापराशी जोडतो.

जुन्या घरांत फ्यूज वारंवार उडू लागला की काही जण त्यात बारीक तारेऐवजी तांब्याची जाड तार घालत. दिवे लागत, पंखा फिरे, पाहुण्यांसमोर अंधार होत नसे. भिंतीच्या आतली वायर मात्र तापत राही आणि ती तापते आहे हे सांगणारी एकमेव गोष्ट आपणच काढून टाकलेली असे. बधिर केलेल्या सांध्याचे नेमके असेच होते. वेदना होत असती तर खेळाडूने ज्या कोनात पाय वळवला नसता, त्या कोनात तो आता वळवतो, आणि चीर वाढते.

बोस्टनच्याच पॅट्रिस बर्जरॉनचे 2013 चे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. शिकागो ब्लॅकहॉक्सविरुद्धच्या अंतिम फेरीत, 24 जूनचा सहावा सामना तो मोडलेली बरगडी, बरगडीचे फाटलेले कूर्चा आणि सामन्यातच निखळलेला खांदा अशा अवस्थेत खेळला. त्या सामन्यात अखेरच्या मिनिटांत शिकागोने 17 सेकंदांत दोन गोल करून कप नेला आणि बर्जरॉन थेट रुग्णालयात गेला. तिथे त्याच्या फुप्फुसाला छिद्र पडल्याचे आढळले. फुप्फुसातली हवा छातीच्या पोकळीत शिरू लागली की फुप्फुस आक्रसते आणि वेळेत लक्षात आले नाही तर ते जिवावर बेतू शकते. मोडलेल्या बोटाच्या आणि मोडलेल्या बरगडीच्या बातम्या एकाच यादीत, एकाच सुरात छापल्या जातात. ते मला योग्य वाटत नाही. बरगडीच्या आत काय असते, हे तरी लिहिणाऱ्याने सांगायला हवे.

‘अपर बॉडी’, ‘लोअर बॉडी’: एवढी लपवाछपवी कशासाठी

बाद फेरीच्या काळात कोणत्याही प्रशिक्षकाला दुखापतीबद्दल विचारले की ‘अपर बॉडी इंज्युरी’ किंवा ‘लोअर बॉडी इंज्युरी’, म्हणजे कमरेच्या वर किंवा कमरेच्या खाली, यापलीकडे उत्तर मिळत नाही. लीगच्या नियमांनुसार संघांना दुखापतीचे स्वरूप उघड करण्याची सक्ती नाही. कारण उघड आहे. डाव्या मनगटाला इजा आहे असे कळले तर प्रतिस्पर्धी त्याच मनगटावर काठी मारणार, तोच खांदा मैदानाच्या कडेच्या फळीवर दाबणार. एकाच संघाशी सलग सात सामने खेळायचे असल्यामुळे ही भीती खोटी नाही.

परंतु या गुप्ततेचा एक परिणाम क्वचितच बोलला जातो. खेळाडू जखमी आहे हे बाहेर कोणालाच माहीत नसले, तर त्याला खेळवण्याच्या निर्णयाची चिकित्साही वेळेवर कोणी करू शकत नाही. माहिती बाहेर येते तेव्हा हंगाम संपलेला असतो, आणि ती निर्णय म्हणून नव्हे तर पराक्रम म्हणून सांगितली जाते.

पगार मिळत नाही, मग हा अट्टहास कशासाठी

अनेकांना हे ठाऊक नसते की एनएचएलच्या खेळाडूंचा करारातला पगार नियमित हंगामाच्या दिवसांत वाटून दिला जातो. बाद फेरीसाठी लीगकडून एक वेगळा निधी असतो आणि संघ किती पुढे जाईल त्यानुसार त्यातला वाटा खेळाडूंना मिळतो. मोठ्या खेळाडूच्या वार्षिक उत्पन्नापुढे तो वाटा किरकोळ असतो. म्हणजे पैशासाठी जीव धोक्यात घालतात, हा सोपा निष्कर्ष इथे लागू पडत नाही.

खरी ओढ कपाची आहे. विजेत्या संघातल्या खेळाडूंची नावे त्या चषकावर कोरली जातात आणि संधी वारंवार येत नाही. रे बोर्क हा या खेळाच्या इतिहासातल्या सर्वोत्तम बचावपटूंपैकी एक, पण त्याला पहिला कप 2001 मध्ये, बाविसाव्या हंगामात मिळाला. त्यानंतर तो निवृत्त झाला. पुढच्या वर्षी आपण पुन्हा इथवर पोहोचू याची कोणालाच खात्री नसते.

याखेरीज सहकाऱ्यांचा अबोल दबाव असतो. शेजारच्या बाकावर बसलेल्याचे सात दात पडले तरी तो त्याच सामन्यात परत येतो, हे 2010 मध्ये शिकागोच्या डंकन कीथच्या बाबतीत खरोखर घडले. अशा खोलीत मनगट दुखते म्हणून बाहेर बसणे सोपे राहत नाही. आणि जागा रिकामी होण्याची वाट पाहणारेही असतातच. बाद फेरीत प्रत्येक संघ दुय्यम लीगमधले काही तरुण खेळाडू सोबत ठेवतो, त्यांना ‘ब्लॅक एसेस’ म्हणतात. ज्याचा करार संपत आला आहे, त्याला स्वतःची जागा अशा तरुणाला देताना काय वाटत असेल याची कल्पना करता येते.

डॉक्टर परवानगी देतातच कशी

संघाचे डॉक्टर बेपर्वा असतात असे मानायचे कारण नाही. ते साधारणपणे दोन प्रश्न विचारतात. खेळल्याने इजा कायमची होईल का? आणि खेळाडू स्वतःचे रक्षण करण्याइतपत हालचाल करू शकतो का? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आणि दुसऱ्याचे ‘हो’ आले तर वेदना सोसण्याचा निर्णय खेळाडूवर सोडला जातो. मोडलेले बोट, फाटलेले ओठ, जबड्याची चीर यांना या चाळणीतून वाट मिळते. बोस्टनचा कर्णधार झ्डेनो चारा 2019 च्या अंतिम फेरीत जबडा मोडल्यानंतर पुढचाच सामना पूर्ण चेहरा झाकून खेळला, तो याच हिशोबाने.

अडचण अशी की या डॉक्टरांची नेमणूक संघच करतो. ज्याला खेळाडू हवा आहे त्याच्याच वतीने खेळाडू योग्य आहे की नाही हे ठरवायचे, ही दुहेरी निष्ठा चांगल्या माणसालाही कठीण जाते. खेळाडू संघटनेने करारात दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा हक्क मिळवला आहे आणि तो महत्त्वाचा आहे. पण सामन्याच्या मध्यंतरात, बूट काढलेला पाय बर्फात असताना, दुसरे मत घ्यायला कोण जाणार?

पण हे खेळाडू पुढे बरे होतातच ना

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. बरेच जण बरे होतात. बर्जरॉन त्यानंतर दहा वर्षे खेळला आणि 2023 मध्ये निवृत्त झाला. थॉर्नटनही गुडघा दुरुस्त करून पुढची काही वर्षे खेळत राहिला. आपल्याकडे अनिल कुंबळेने 2002 मध्ये अँटिग्वात जबडा मोडलेला असताना चेहऱ्याभोवती पट्टी बांधून 14 षटके टाकली आणि ब्रायन लाराला बाद केले. तो पुढेही वर्षानुवर्षे भारतासाठी खेळला. 2025 मध्ये मँचेस्टरला पायाचे हाड मोडलेला ऋषभ पंत फलंदाजीला उतरला तेव्हा आपण सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या.

तरीही बरे होणे म्हणजे पूर्ववत होणे नव्हे. डेट्रॉइट रेड विंग्सचा कर्णधार स्टीव्ह आयझरमन 2002 ची संपूर्ण बाद फेरी जवळजवळ एका गुडघ्यावर खेळला आणि संघाने कप जिंकला. त्या उन्हाळ्यात त्याच्या गुडघ्यावर ऑस्टिऑटॉमी करावी लागली. या शस्त्रक्रियेत हाड कापून पायाची रेषा बदलतात, म्हणजे सांध्याच्या झिजलेल्या बाजूवरचा भार कमी होतो. एरवी ती झिजलेल्या गुडघ्यांच्या, चालण्या-फिरण्याची चिंता असलेल्या रुग्णांवर केली जाते. आयझरमन पुढच्या हंगामातले बहुतेक सामने खेळू शकला नाही. तो 2006 पर्यंत खेळला हे खरे, आणि त्याने तो सौदा उघड्या डोळ्यांनी केला असेही म्हणता येईल. गुडघ्याचा सौदा करण्याचा अधिकार प्रौढ खेळाडूला आहे, असे मलाही वाटते.

डोक्याचा हिशोब वेगळा

कन्कशन म्हणजे डोक्याला किंवा शरीराला बसलेल्या धक्क्याने कवटीच्या आत मेंदू हादरणे आणि त्याचे काम तात्पुरते विस्कळीत होणे. कवटी फुटलेली नसते, रक्त येत नाही, साध्या स्कॅनमध्ये बहुधा काही दिसतही नाही. माणूस उभा राहतो, बोलतो आणि ‘मी ठीक आहे’ असे म्हणतो.

7 जून 2003 रोजी अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यात न्यू जर्सी डेव्हिल्सच्या स्कॉट स्टीव्हन्सने अ‍ॅनाहाइमचा कर्णधार पॉल करियाला खांद्याने जबरदस्त धडक दिली. करिया पाठीवर पडला आणि निश्चल राहिला. कॅमेरा त्याच्या चेहऱ्याजवळ गेला. डोळे मिटलेले होते. काही क्षणांनी त्याच्या चेहऱ्यापुढच्या पारदर्शक पट्टीवर श्वासाची वाफ एकदम पसरली, तेव्हा पाहणाऱ्यांना तो श्वास घेतो आहे हे कळले. त्याला आत नेले. थोड्याच वेळात तो परत बर्फावर आला आणि त्याच सामन्यात त्याने दुरून सणसणीत फटका मारून गोल केला. घरचे प्रेक्षक वेडे झाले. अ‍ॅनाहाइमने तो सामना जिंकला, सातवा हरला. हा गोल आजही थरारक क्षण म्हणून दाखवला जातो.

करियाला कन्कशन आधीही झाली होती. 1998 च्या ऑलिंपिकला तो त्यामुळेच मुकला होता. 2003 नंतरही ती झाली आणि 2011 मध्ये, कन्कशनच्या त्रासामुळे एक संपूर्ण हंगाम बाहेर काढल्यावर, त्याने खेळ सोडला. एकाच धडकेला सगळा दोष देता येणार नाही. पण बेशुद्ध पडलेला माणूस त्याच संध्याकाळी पुन्हा धडका खायला बर्फावर उतरला, हे आजच्या ज्ञानानुसार कोणत्याही डॉक्टरला मान्य होणार नाही. कारण हादरलेल्या मेंदूची ऊर्जेची गरज वाढलेली असते आणि पुरवठा कमी पडत असतो. त्या नाजूक अवधीत दुसरा मार बसला तर तो पहिल्यापेक्षा हलका असला तरी परिणाम जास्त होतो. शिवाय प्रतिक्रिया मंदावलेली असल्यामुळे तो दुसरा मार चुकवण्याची क्षमताही कमी झालेली असते. मोडलेल्या फिब्युलाला बुटाचा आधार देता येतो. मेंदूला बाहेरून बांधायला काही नाही, आणि त्याला बधिर करून खेळता येत नाही.

बोस्टनचा मार्क सावार्ड मार्च 2010 मध्ये डोक्यावर बसलेल्या धडकेने बाहेर गेला. 1 मे रोजी बाद फेरीत परतला आणि पहिल्याच सामन्यात जादा वेळेत त्याने विजयी गोल केला. पुढच्या जानेवारीत त्याला पुन्हा कन्कशन झाली आणि त्यानंतर तो एनएचएलचा एकही सामना खेळला नाही.

वारंवार बसणाऱ्या धक्क्यांशी जोडला जाणारा मेंदूचा एक क्षयकारी आजार आहे, सीटीई. त्याचे निश्चित निदान आजही मृत्यूनंतर मेंदूची तपासणी करूनच होते. स्टॅन मिकिटासारख्या थोर खेळाडूसह अनेक माजी हॉकीपटूंच्या मेंदूत तो आढळला आहे. खेळाशी त्याचा थेट कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही, अशी भूमिका एनएचएलचे आयुक्त गॅरी बेटमन यांनी सातत्याने घेतली आहे. माजी खेळाडूंनी लीगवर भरलेला दावा 2018 मध्ये सुमारे 1.89 कोटी डॉलरवर मिटला. त्यात 318 खेळाडू होते आणि लीगने कोणतीही जबाबदारी मान्य केली नाही.

प्रौढ माणसाच्या निर्णयात इतरांनी का पडावे

गुडघ्याच्या बाबतीत या प्रश्नात दम आहे. डोक्याच्या बाबतीत नाही, आणि त्याचे कारण तत्त्वज्ञानाचे नसून वैद्यकीय आहे. संमती देण्यासाठी जे अवयव शाबूत असावे लागते तेच जखमी झालेले असते. कन्कशन झालेल्या खेळाडूला आपले काय बिघडले आहे हे नीट कळत नाही, आणि कळले तरी सामन्याच्या भरात तो ते सांगत नाही.

लीगनेही हे हळूहळू मान्य केले आहे. 2011 पासून संशयित खेळाडूला बाकावरून उठवून शांत खोलीत नेऊन डॉक्टरने तपासणे बंधनकारक झाले. 2015-16 च्या हंगामापासून खेळाडूच्या हालचालींत कन्कशनची लक्षणे शोधणारे निरीक्षक आले आणि पुढच्या वर्षी न्यू यॉर्कमधल्या मध्यवर्ती कक्षातून सगळे सामने पाहणाऱ्या निरीक्षकांना खेळाडूला बाहेर काढण्याचा अधिकार मिळाला. निर्णय खेळाडू, प्रशिक्षक आणि संघ या तिघांच्याही हातून काढून घेण्याकडे हे मोठे पाऊल होते.

त्यातही फट राहिली. 2017 मध्ये पिट्सबर्गचा सिडनी क्रॉस्बी वॉशिंग्टनविरुद्ध कन्कशनमुळे एक सामना मुकला आणि परतला. त्याच मालिकेच्या सहाव्या सामन्यात तो डोक्याने कडेच्या फळीवर आदळला, तरी त्याला तपासणीसाठी बाहेर काढले नाही. लीगने नंतर दिलेले स्पष्टीकरण असे होते की डोके बर्फावर आदळून खेळाडू उठायला वेळ लावत असेल तर बाहेर काढणे सक्तीचे आहे, फळीवर आदळण्याचा त्या यादीत समावेश नाही. अनुभवाच्या नोंदींवरून ती यादी केली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या खेळाडूला आठवड्याभरापूर्वीच कन्कशन झाली आहे, त्याच्यासाठी ती नोंद पुरेशी मानणे मला पटत नाही. आधीच हादरलेल्या मेंदूला सर्वसाधारण नियम लावता येत नाही.

हंगाम आता आणखी लांबतो आहे

लीग आणि खेळाडू संघटना यांच्यात 2025 मध्ये झालेल्या नव्या करारानुसार 2026-27 पासून नियमित हंगामातले सामने 82 वरून 84 होत आहेत, त्या बदल्यात हंगामापूर्वीचे सराव सामने कमी केले आहेत. हा करार सप्टेंबर 2030 पर्यंत चालेल. बाद फेरीची लांबी तशीच राहणार आहे, म्हणजे एप्रिलमध्ये खेळाडू आजच्यापेक्षा ताजेतवाने असतील अशी अपेक्षा करता येत नाही.

डोक्याच्या बाबतीत जे तत्त्व स्वीकारले गेले, ते इंजेक्शनांनाही लावावे असे माझे स्पष्ट मत आहे. सामन्यापूर्वी किंवा मध्यंतरात कोणता सांधा बधिर केला, कोणते औषध किती दिवस दिले, हे संघाशी आर्थिक संबंध नसलेल्या डॉक्टरने तपासावे. बरगडीजवळ सुई टोचायची असेल तर त्या डॉक्टरची संमती आधी लागावी. प्रतिस्पर्ध्यापासून गुप्त ठेवण्याची गरज असेल तर ती माहिती स्पर्धा संपेपर्यंत गुप्त राहू द्यावी. पण तिची पूर्ण नोंद खेळाडूच्या हाती मिळावी, कारण चाळिशी उलटलेल्या माजी खेळाडूच्या मूत्रपिंडाचे किंवा आतड्याचे काय बिघडले आहे हे शोधणाऱ्या डॉक्टरला सर्वांत आधी तीच लागणार आहे.